देवरे सरांचा हरवलेला ‘धा’

कधीतरी शनवारा चौकाकडून एखादी गाडी धमधम करत आमच्या गल्लीत शिरते. गाणं कोणतं ते कळत नाही, नुसती धमक. खिडकीच्या काचा थरथरतात, मांडणीवरची भांडी किणकिणतात आणि आमच्या घरातले यच्चयावत लोक त्या गाडीवाल्याचा उद्धार करायला लागतात. मी मात्र हातातलं काम टाकून गाडी वळेपर्यंत ऐकत बसते. सून हसून म्हणते, "आईंना डीजे आवडतो." आवडत नाही गं बाई. मला देवरे सर आठवतात.

देवरे सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि मी भूगोल. लोधीपुऱ्यात त्यांचं घर आमच्या घराला लागून, मध्ये एक भिंत. दिवसा शाळेत आणि उरलेला वेळ भिंतीतून, असे ते मला सतत ऐकू येत. हा माणूस गप्प म्हणून कधी नसायचा. दाढी करताना गाणं, सायकल पुसताना गाणं, फळ्यावर कमळ काढता काढता गाणं. आवाज गोड होता, खोटं कशाला बोलू? पण तो गोड आहे हे त्यांना जरा जास्तच माहीत होतं.

उंच, किडकिडीत माणूस. पांढरा सदरा, त्याच्या खिशावर कुठल्या ना कुठल्या रंगाचा डाग, आणि उजव्या हाताचं मधलं बोट कायम वाकवलेलं. ते बोट दिसेल त्या वस्तूवर टकटक करण्यासाठी होतं. बाजारात भोपळ्यावर, शाळेत बाकावर, आमच्या घरी आले की आमच्या दारावर, मग टेबलावर, मग पाण्याच्या पिंपावर. टकटक करायची, कान द्यायचा आणि निकाल सांगायचा, "बोलतंय." किंवा, "मुकं आहे बाई, एकदम मुकं." माणसांनाही त्यांनी हेच दोन रकाने लावले होते. आमचे हेडमास्तर मुके आणि शिपाई बोलका, असं ते स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत सांगत. एकदा कसल्याशा कामासाठी आम्ही दोघं एका साहेबांच्या कचेरीत गेलो. साहेब खाली मान घालून सह्या करत होते. सरांना राहवलं नाही, त्यांनी साहेबांच्या नव्याकोऱ्या टेबलावर टकटक केली. साहेब मान वर न करता म्हणाले, "आ जाइए." आम्ही तर त्यांच्यासमोरच उभे होतो. आता आणखी कुठे आत जायचं, असं सरांनी मला खुणेनं विचारलं, आणि मला हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

भूगोलाच्या बाईंना छळायला त्यांच्याकडे एक हुकमी किस्सा होता. सर चौथीत होते तेव्हा राज्यांची नवी जुळणी झाली. आमची राजधानी नागपूरची भोपाळ झाली आणि त्यांची मलकापूरची आत्या रातोरात परराज्यातली झाली. घरात मोठी माणसं म्हणत होती, "मलकापूर गेलं, मलकापूर गेलं." या लेकराला वाटलं, गाव उचलून नेताहेत. ते जाताना आपल्याला दिसेल म्हणून ते सकाळपासून स्टेशनवर जाऊन बसले. "मालगाड्या मोजल्या बाई, पण आत्या काही दिसली नाही," असं म्हणून खो खो हसायचे. पुढे आमचा तालुका खंडव्यातून निघून स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा म्हणाले, "बघा, आपण लोधीपुऱ्यातून हललो नाही, तरी किती फिरून आलो."

आणि सिंधूवहिनी. तापीकाठच्या केळीच्या बागाईतात वाढलेली ही बाई लग्नात तबला-डग्गा घेऊन सासरी आली होती. वडील भजनी मंडळात तबला वाजवत. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी मुलीला शिकवलं. बाईमाणूस तबल्यावर बसते याचं त्या वेळी गल्लीला फार अप्रूप होतं. कुणी नाक मुरडलं, कुणी खिडकीआडून ऐकलं. वहिनी बुटक्या, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. बोलल्या तर माहेरच्या बोलीत. हात मात्र असे चालायचे की बघत राहावं, आणि त्यातही डावा. डग्ग्यावर मनगट सरकवून त्या असा घुमारा काढत की भिंतीच्या अलीकडे माझ्या घरातली जमीन पायाला जाणवायची.

सरांना तोच डावा खुपायचा. गाता गाता थांबून ते म्हणत, "सिंधू, डावा दाब जरा. फार जड पडतो. माझं गाणं बुडतं." वहिनी पदर खोचत म्हणत, "तुमी गा हो. मी आहे ना खालून." हा संवाद मी भिंतीतून इतक्या वेळा ऐकला की पुढे पुढे सरांनी ‘सिंधू’ म्हणायच्या आधीच मला तो सगळा ऐकू यायचा. गणपतीत, एकादशीला, कुणाच्या बारशाला, सर गाणार आणि वहिनी साथ करणार. लोक टाळ्या वाजवायचे ते सरांकडे बघून. वहिनी तेवढ्यात तबल्यावर कापड टाकून मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेलेल्या असत.

सर निवृत्त झाले त्याच वर्षी वहिनी गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या. सरांनी आपल्याला माहेरी गाडीतून न्यावं, अशी एकच हौस त्या बोलून दाखवत, म्हणून सरांनी एक जुनी मारुती घेतली होती. त्यात त्या जेमतेम एकदा बसल्या. मुलगी सासरी पुण्याला. सर एकटे राहिले आणि आमची मधली भिंत पहिल्यांदाच गप्प झाली. दाढी करतानाही काही ऐकू येईना. मला करमेना. ज्या गाण्याला मी वीस वेळा कंटाळले होते ते भिंतीला कान लावून शोधायची वेळ आली.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी गाणं ऐकू आलं. मला बरं वाटलं, तेवढ्यात सर दारात. हातात छोटा टेपरेकॉर्डर. "बाई, हे ऐका. लक्ष देऊन ऐका."

शाळेच्या गणेशोत्सवातल्या भजनाची ती कॅसेट होती. शाळेच्या यंत्रावर कुणीतरी भरून ठेवली होती. सरांचा आवाज खणखणीत, मागे तबला. मी म्हटलं, "छान आहे की."

"काय छान? तबला काय म्हणतोय ते सांगा."

मला काय कळणार? मग त्यांनी माझ्या टेबलावर दोन्ही हातांनी वाजवून दाखवलं. दोन्ही हात एकदम पडले की ‘धा’ होतो. डावा काढून घेतला की उजव्याचा नुसता ‘ता’ उरतो. टेपमध्ये सगळीकडे ता, तिं, तिं, ता होतं. "एकही धा नाही बाई. सगळे धा गेले. सिंधूचा एकच हात आहे यात." हे सांगताना त्यांचा आवाज असा झाला की मी उठून पाणी आणलं.

लहान स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगितलं नाही. ते त्यांच्या तोंडाला साबण लागलेला असताना कळलं. दाढी चालू असताना केळीच्या एका व्यापाऱ्याच्या पोराची गाडी गल्लीतून धमधमत गेली, आणि सरांच्या हातातल्या वाटीतलं पाणी हललं. सर बनियनवर, अर्ध्या गालाला फेस, तसेच गाडीमागे धावले. चौकात गाठून काचेवर टकटक केली. पोरगं घाबरलं, त्याला वाटलं आता आवाजावरून बोलणी बसणार. सर म्हणाले, "बेटा, हे कुठं बनवलं?"

शनवाऱ्याच्या पुढे इरफानचं गाड्यांच्या टेपचं दुकान होतं. तिथे सरांची रोज बैठक सुरू झाली. घरी ऐकायची सोय नव्हती, कारण आमच्या गल्लीत चहूकडे यंत्रमाग; दिवसभर खटखट आणि जमिनीतून येणारी घरघर. त्यात डग्ग्याचा घुमारा कुठून कळणार? बंद काचांच्या गाडीत, गावाबाहेर शांत जागी ऐकायचं, असं ठरलं. फक्त मोठा स्पीकर आणायचा आणि मागच्या डिकीत मावेल अशी त्याची पेटी करायची. पेटी मी स्वतः करणार, सरांनी जाहीर केलं. चित्रकलेच्या माणसाला करवत धरता येते असा त्यांचा समज होता.

त्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती. ती त्यांनी मला खिडकीतून, माझ्याकडे न बघता सांगितली. "त्या दिवशी माईक मीच माझ्याकडे ओढला होता बाई. डाव्याने गाणं बुडू नये म्हणून. आता टेपमध्ये डावा उतरलाच नसेल, तर पेटी करून तरी काय ऐकू?"

पहिली पेटी त्यांनी उत्तम सागवानाची केली. टकटक करून, सगळ्यात गोड बोलणाऱ्या फळ्या निवडून. वाजवल्यावर सगळ्या टेपमध्ये एकच गुणगुण, भुंगा शिरल्यासारखी. इरफान पोट धरून हसला. "सर, आपने तो तबला बना दिया! पेटी को नहीं बोलना चाहिए. पेटी बोली की गाना मरा समझो." सर चक्रावले. उभ्या आयुष्यात त्यांनी बोलक्या लाकडाची बाजू घेतली होती. आता मुकं लाकूड शोधायचं! दोन दिवस ते रुसल्यासारखे हिंडले, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन म्हणाले, "डग्ग्याने बोलावं म्हणून पेटीने गप्प बसायचं. कळलं का बाई?" मला कळलं होतं. त्यांना कशाकशातलं कळलं होतं ते मी विचारलं नाही.

दुसरी पेटी इरफाननं त्याच्या पद्धतीनं करून दिली. भुसा दाबून केलेला जाड बोर्ड, पुढे स्पीकर, बाजूला हवा निघायला एक भोक. धमक अशी की डिकीचं झाकण उडेल. इरफान खूश. सर डोळे मिटून ऐकत होते, मग म्हणाले, "बंद कर. हा डग्गा नाही, बारूद आहे." प्रत्येक ठोका सारखाच, धुम्म. मनगट सरकल्याचं त्यात काहीच कळत नव्हतं. "भोक बुजव," सर म्हणाले. इरफान म्हणाला, "आवाज बैठ जाएगा सर." दोघांचं असं जुंपलं की शेजारचा पंक्चरवाला मध्ये पडला. शेवटी मावा जिलेबी मागवली गेली आणि भोक बुजवायचं ठरलं.

तिसरी पेटी सरांनी अंगणात बसून केली आणि ती करताना सगळी गल्ली वेडी केली. बोर्ड दुहेरी. आतून आडवा दांडा, फळीनं थरथरू नये म्हणून. सांध्यांत फेव्हिकॉल आणि भुसा. मग आत कापूस भरायचा होता, आवाज आतल्या आत घुमू नये म्हणून. सरांनी वहिनींची गादी उसवली. मी बघत होते हे पाहून म्हणाले, "असाही पडूनच होता." बंद पेटीतून कुठूनही हवा निसटता कामा नये. ते तपासायला ते स्पीकर चालू करून प्रत्येक सांध्यावर उदबत्ती फिरवत. धूर हलला की तिथे फट. आमच्या समोरच्या आजींना हे कुठलंसं नवं व्रत वाटलं. त्यांनी येऊन पेटीला हळदीकुंकू वाहिलं आणि नमस्कार केला. सरांनी ते कुंकू पुसलं नाही, त्यावरूनच काळं कापड डकवलं.

पेटी झाली. मग सरांनी वाकडं बोट पुढे केलं, टकटक केली. ठप्प. काहीही नाही. "मुकी आहे," ते म्हणाले. एवढ्या कौतुकानं हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

गाडीत बसवल्यावर खुळखुळणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या मागे ते लागले. दाराच्या फटीत रबर, आरशामागे कागद, खणातल्या किल्ल्यांना फडकं. मागची नंबरप्लेट तेवढी राहिली होती. तिचे स्क्रू गंजले होते. ते नंतर बघू म्हणाले.

एका दुपारी सर, मी आणि गाडी तापीवरच्या राजघाटाकडे निघालो. मला नेलं ते टेपचं बटण दाबायला. सरांना मागच्या सीटवर, पेटीला पाठ लावून बसायचं होतं. घाटाच्या अलीकडे त्यांनी गाडी उभी केली, मागे जाऊन बसले, काचा चढवल्या. नदीला पाणी बेताचं होतं. पलीकडे कुणी म्हशी धूत होतं. मागे वळून बघायचं धाडस मला झालं नाही. "लावा बाई," ते म्हणाले.

सरांचा आवाज सुरू झाला. मग तबला. मी कान टवकारून बसले होते, ता की धा, ता की धा. आणि मला ते आधी कानाला नाही, पाठीला कळलं. सीटमधून काहीतरी हलकंच वर आलं. सर पुटपुटले, "धा." मग पुन्हा, "धा. आहे. धा आहे बाई. उतरलाय!" आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं गरम होत होतं त्या बंद गाडीत, पण काच खाली करा म्हणायची माझी छाती झाली नाही.

दोन अभंग झाले. मग सर म्हणाले, "पण किती हलका वाजवलाय. ऐका ना. दाबून धरलाय, सारखा दाबून धरलाय. हा कुठं जड आहे?" थोड्या वेळाने पुन्हा, "मी म्हणायचो तसाच वाजवत होती ती."

शेवटचं भजन संपलं. टाळ्या वाजल्या. "करा बंद," सर म्हणाले. गाणं संपलं की टेप बंद करायची, ही त्यांची जुनी सवय. त्यांच्या लेखी पुढे काही उरलेलंच नसायचं. मी बटण दाबलं ते भलतंच, आवाज आणखी मोठा झाला. दुसरं दाबलं, दिवा लागला. टेप चालूच. माणसं उठल्याची गडबड, प्रसादाच्या ताटल्या, पोरांचा कालवा. आणि माईकच्या अगदी जवळ वहिनींचा आवाज आला, "गेले का सर चहाले?"

"गेले, गेले," कुणीतरी बाई हसत म्हणाली. तो आवाज माझा होता. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

आणि मग डावा पडला. मोकळा, भरघोस, मनगट सरकत जाऊन लांबवर घुमणारा. धा, धिं, धिं, धा. गाडीचं छत, दारं, माझ्या छातीचा पिंजरा, सगळं त्यानं भरून गेलं. गाणं नाही, टाळ नाही, कुणी ऐकायला बसलेलं नाही. ताटल्यांच्या गोंगाटात वहिनी एकट्या स्वतःसाठी वाजवत होत्या. मध्येच लयीत हसल्या. कॅसेटची ती बाजू संपेपर्यंत वाजवत राहिल्या. इतकी वर्षं मी भिंतीपलीकडून जे ऐकत होते ते हेच होतं. सरांनी भिंतीच्या त्यांच्या बाजूनं, आपल्या गाण्याच्या नादात, ते कधी ऐकलंच नव्हतं.

खट्ट करून टेप थांबली. मी शेवटी मागे वळले. सरांनी दोन्ही तळवे मागे नेऊन सीटच्या पाठीवर टेकवले होते. मला काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "सर, मागे काहीतरी खडखडत होतं. नंबरप्लेट असेल."

"खडखडू द्या," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी चहाला जायला नको होतं हो."

त्यानंतर चार वर्षं सर होते. भिंतीतून गाणं पुन्हा यायला लागलं, पण ते मध्येच थांबायचं, कुणाला तरी जागा करून दिल्यासारखं. लोक भजनाला बोलवायला आले की सांगत, "साथीला माणूस नाही." गाडी मात्र रोज दुपारी निघायची.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते राजघाटावरच. मी नात्यातल्या एका कार्यासाठी घाटावर गेले होते. परत येताना निंबाखाली सरांची मारुती उभी दिसली. काचा वर. पुढची सीट रिकामी, सर मागे बसलेले. हाक मारावी म्हणून मी जवळ गेले. ते डोळे मिटून, मान हलवत, तोंड उघडून गात होते. गळ्याच्या शिरा फुगलेल्या दिसत होत्या, म्हणजे चांगल्या वरच्या सुरात असावेत. पण बाहेर त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. सरांचा सूर काचेच्या आतच राहिला होता. मागची नंबरप्लेट खडखडत होती, आणि घाटावर उभ्या असलेल्या माझ्या पायांपर्यंत पोचत होता तो एकट्या सिंधूवहिनींचा डावा.

मी काचेवर टकटक केली नाही.